एओविन वादळातला कॉनेमारा: मंगळवार ते मंगळवार

२४ जानेवारी २०२५ च्या पहाटे एओविन वादळ आयर्लंडवर आलं तेव्हा सगळ्यात मोठा झोत मेस हेडला नोंदला गेला, ताशी १८३ किमी. मेस हेड म्हणजे गॉलवे काउंटीत, कॉनेमाराच्या किनाऱ्यावर, कार्ना गावापलीकडचं टोक. पश्चिमेला थेट अटलांटिक, मध्ये आडोसा नाही. तिथे वाऱ्याची दहा मिनिटांची सरासरीच १४२ भरली. दोन्ही आकडे देशाचे नवे उच्चांक; आधीचे दोन्ही १९४५ सालचे, लिमरिक काउंटीतल्या फॉइन्सचे होते.

हे वर्णन त्या आठवड्याचं आहे, आणि त्या भागात भाड्याच्या कॉटेजात उतरलेल्या चार माणसांनी काय केलं की निभतं, याचं. डब्लिनमधली आपली मंडळी जानेवारीत स्वस्त घर मिळतं म्हणून तिकडे जातात, त्यांच्यासाठी मुख्यतः. एक गोष्ट आधीच धरून चालायची: भयानक वारा सात-आठ तासांचा असतो, पण वीज-पाण्याविना दिवस मोजावे लागतात ते त्यानंतर. बहुतेक लोक तयारी वाऱ्याची करतात आणि अडकतात पुढच्या दिवसांत.

मंगळवार, २१ जानेवारी

वादळाला नाव याच दिवशी मिळालं. त्याच मंगळवारी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला कधी नव्हे तो वीतभर बर्फ पडत होता, आणि या दोन बातम्यांचा संबंध आहे. उत्तर अमेरिकेत खोल दक्षिणेपर्यंत उतरलेली थंडगार हवा आणि अटलांटिकवरची उबदार हवा यांच्यातला फरक वाढला, की उंचावरचा जेट प्रवाह जोर धरतो. त्याच्या खाली सापडलेला कमी दाबाचा पट्टा मग झपाट्याने खोल जातो. चोवीस तासांत दाब २४ मिलिबारनी उतरला तरी हवामानवाले त्याला स्फोटक म्हणतात; एओविनचा ५० च्या आसपास उतरला.

शॅनन विमानतळावरून गॉलवे तासाभरावर, तिथून कार्ना आणखी दीड तास. गॉलवेहून जायला दोन वाटा आहेत. एन ५९ हा आतला रस्ता ऊटरार्डवरून माम क्रॉसला जातो, तिथून दक्षिणेला उतरून आर ३४० धरायचा. आर ३३६ किनाऱ्याकिनाऱ्याने स्पिडलवरून जातो. जाताना दोन्हींपैकी कुठल्याही रस्त्याने जा, पण झाडं कुठे रस्त्यावर झुकली आहेत आणि रस्ता कुठे समुद्राच्या पातळीला आलाय हे बघून ठेवा. परतताना हीच माहिती लागते. ऊटरार्डपर्यंत दुतर्फा झाडी आहे, पुढे दलदलीचं मोकळं माळरान आणि मध्ये मध्ये सिटका स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लागवडी.

घरात शिरल्यावर पहिला अर्धा तास सामान न उघडता घर समजून घ्यायचा. फ्यूजबोर्ड कुठे, मीटर कुठे, पाण्याचा मुख्य खटका कुठे, बॉयलर कशावर चालतो. इथल्या बऱ्याच घरांत गरम पाणी आणि रेडिएटर रॉकेलच्या बॉयलरवर असतात. टाकी भरलेली दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. बॉयलरचा बर्नर आणि पाणी फिरवणारा पंप दोन्ही विजेवर चालतात. वीज गेली की हजार लिटर रॉकेल असून घर गार. नव्या घरांतल्या हीट पंपाचंही तेच. विजेविना ऊब देणारी वस्तू एकच, ती म्हणजे लाकूड आणि टर्फ जाळायची लोखंडी शेगडी, म्हणजे स्टोव्ह. टर्फ म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटच्या विटा.

त्या स्टोव्हच्या मागून तांब्याचे जाड पाइप निघालेले दिसले तर मालकाला फोन करून विचारा की तो रेडिएटरलाही जोडलेला आहे का. असेल, तर वीज नसताना त्यात मोठी आग पेटवायची नाही. पंप बंद असल्यामुळे मागच्या टाकीतलं पाणी फिरत नाही, उकळतं आणि पाइपांत धडधड सुरू होते. काही घरांत गरम पाणी आपोआप वर चढून थंड होईल अशी सोय केलेली असते. तिथे लहान आग चालते. कोणती पद्धत आहे हे मालकच सांगू शकतो, आणि फोन लागतोय तोवरच सांगू शकतो.

घराची जागाही बघा. इथली जुनी घरं टेकाडाच्या आडोशाला, खोलगटात, लहान खिडक्यांची असतात. गवताचं छप्पर असेल तर ते दोऱ्यांनी बांधून वळचणीखालच्या दगडी खुंट्यांना ताणलेलं. शेतांच्या दगडी गडग्यांत चुना नाही, फटी तशाच ठेवलेल्या, वारा त्यांतून गाळून जातो आणि गडगा उभा राहतो. नवे बंगले मात्र उंचवट्यावर, समुद्राकडे तोंड करून, भिंतभर काच लावून बांधलेले. जाहिरातीत ‘सी व्ह्यू’ म्हणून ज्याचे पैसे घेतात तीच काच जानेवारीत घराची सगळ्यात कमकुवत बाजू असते. माझ्या मते हिवाळ्यात जुनं, बुटकं घर घ्यावं आणि समुद्र बघायला चालत जावं.

बुधवार, २२ जानेवारी

इशाऱ्यांचे रंग सगळ्यांना माहीत असतात, आकडे कमी जणांना. आयर्लंडची हवामानसंस्था, मेट एरन, वाऱ्याचा पिवळा इशारा देते तेव्हा सरासरी ताशी ५० ते ६५ किमी आणि झोत ९० ते ११० असतात. नारिंगीत सरासरी ६५ ते ८० आणि झोत १३० पर्यंत. लाल म्हणजे सरासरी ८० च्या वर किंवा झोत १३० च्या वर. वरची मर्यादा नाही. म्हणून लाल इशारा दिसला की अंदाजाचा मजकूर वाचायचा, कारण १३५ आणि १८० दोन्ही लालच.

आणि हे दोन आकडे वाटतात तितके जवळ नाहीत. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ५० किमीला एका चौरस मीटरवर साधारण १२ किलोचा भार येतो, १०० ला ४८ किलोचा, १८३ ला १६० किलोच्या आसपास. दोन चौरस मीटरचं दार धरा: तीनशे किलोंहून जास्त. माणसाच्या हातातलं दार अशा झोतात हातात राहत नाही, बिजागरीसकट जातं.

रायगड-रत्नागिरीच्या लोकांना तुलना हवी असेल, तर ३ जून २०२० ला अलिबागजवळ आलेल्या निसर्ग चक्रीवादळाचा वारा ताशी ११० ते १२० च्या घरात होता. दोन वादळांची मोजणी अगदी एकसारखी नाही, पण अंदाज येतो. मोठा फरक ऋतूचा. निसर्गनंतर लोक भिजले, उकाड्यात राहिले. इथे बाहेर पाच-सहा अंश, उजाडतं साडेआठनंतर, पाचला अंधार. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या गावांत तेव्हा कित्येक आठवडे वीज नव्हती, ती गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी.

दुसरं बघायचं ते भरतीचं. चंद्राचा शेवटचा चतुर्थांश २१ तारखेला झाला होता, अमावस्या २९ ची. म्हणजे २४ ला भरती भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या जवळची, उधाणाची नव्हे. गॉलवेच्या उपसागरात उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, भांगाला जेमतेम दोन मीटर. हे नशीब मोठं. हवेचा दाब एक मिलिबार उतरला की समुद्र एक सेंटिमीटर फुगतो. दाब ९५० वर आला तर नुसत्या त्यानेच पाणी जवळपास तीन वीत चढतं, वाऱ्याने ढकललेलं आणि लाटा वेगळ्या. हेच वादळ पाच-सहा दिवस उशिरा आलं असतं तर सखल रस्ते आणि किनाऱ्याच्या घरांची गोष्ट निराळी झाली असती.

राहायचं की निघायचं, हा निर्णय बुधवारीच घ्यायचा. घर समुद्रापासून पाच-दहा मीटर उंच, झाडांपासून दूर आणि चालता स्टोव्ह असलेलं असेल तर राहणं शहाणपणाचं. लहान बाळ, ऑक्सिजनचं यंत्र, इन्सुलिन असं काही बरोबर असेल, तर बुधवारी दिवसाउजेडी गॉलवे गाठावं. गुरुवार संध्याकाळपर्यंत थांबून मग निघणं हा सगळ्यात वाईट पर्याय. अरन बेटांवर असाल तर आणखी लवकर ठरवा. रॉसावील बंदरातून तिथे जाणारी फेरीबोट वादळाच्या बरीच आधी थांबते आणि नंतर लगेच सुरू होत नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

या दिवशी डब्लिनमध्ये मीहॉल मार्टिन यांची पंतप्रधानपदी निवड झाली आणि बातम्यांत तरीही वादळच होतं. सगळ्या २६ काउंट्या लाल इशाऱ्यात होत्या, शाळा, बस, रेल्वे शुक्रवारी बंद असल्याचं जाहीर झालं होतं. उत्तर आयर्लंडलाही लाल इशारा होता.

सकाळी गाडीत पेट्रोल पूर्ण भरा, कारण वीज नसली की पेट्रोलपंपाचा पंपही चालत नाही. रोख रक्कम काढा, कार्डयंत्रं आणि एटीएम बंद पडतात. दुकानात गेलात तर ब्रेड संपलेला असणार, त्यासाठी वणवण करू नका. आपल्या घरातला कोरडा खाऊ अशा वेळी ब्रेडपेक्षा कितीतरी बरा: पोहे, शेंगदाणे, चिवडा, मेतकूट, भाजणी, गूळ. दडपे पोहे करायला आच लागतच नाही. भात मात्र पाणी आणि इंधन दोन्ही खातो, त्यापेक्षा गुरुवारी रात्री पंचवीस-तीस पोळ्या लाटून ठेवा. अशा थंडीत त्या तीन दिवस सहज टिकतात.

पाण्याचा हिशेब असा: प्यायला आणि रांधायला माणशी रोज तीन लिटर, चार माणसं, पाच दिवस, म्हणजे साठ लिटर. यातलं प्रत्येक थेंब स्वयंपाकघरातल्या नळाचं भरा. इथे बहुतेक घरांत तोच नळ थेट मुख्य वाहिनीवर असतो. न्हाणीघरातलं पाणी माळ्यावरच्या टाकीतून येतं, ती टाकी कधी धुतली कोणास ठाऊक. ते फक्त वापरायचं. बाथटब भरून ठेवा, फ्लशसाठी. एका वेळेला सहा लिटर धरले तर भरलेला टब वीस-बावीस वेळा पुरतो. पाणीपुरवठा तुटतो तो पाइप फुटून क्वचितच; पंपिंग स्टेशनची वीज जाते आणि वरच्या टाक्या रिकाम्या होत जातात, म्हणून वादळात नळ चालू असतो आणि दुसऱ्या दिवशी बंद पडतो. घराला स्वतःची बोअरवेल असेल तर वीज जाताक्षणी पाणी गेलं. सांडपाण्याची नवी टाकी हवा भरणाऱ्या पंपाची असेल तर वीज नसताना पाणी बेताने सोडा.

घराबाहेर जे हलतं ते आत. कचऱ्याचे चाकांचे डबे भिंतीलगत आडवे करून एकमेकांना बांधा. बागेतली टेबलं, गॅसचा बार्बेक्यू, कुंड्या सगळं शेडमध्ये, पण शेडच हलकी असेल तर घरात. ट्रॅम्पोलिन असेल तर तो शेजाऱ्याच्या खिडकीत जाणार हे गृहीत धरा. जाळी सोडा, सांगाडा उलटा करून दोन-तीन ठिकाणी जमिनीला खुंट्यांनी जखडा. गाडी कुठे लावायची यात लोक चुकतात. घराच्या आडोशाला लावावीशी वाटते, पण छपराच्या स्लेट, म्हणजे दगडी कौलं, तिथेच पडतात: वारा छपराची पलीकडची, आडोशाची बाजू वर ओढतो. भिंतीपासून घराच्या उंचीच्या दुप्पट लांब, झाडं आणि तारांपासून दूर, तोंड वाऱ्याकडे करून लावा. वारा पाठीमागून आला तर दार उघडताच निखळतं. घराचं फाटक विजेवर चालत असेल तर त्याची हाताने उघडायची चावी आजच शोधा.

स्टोव्हसाठी तीन-चार दिवसांचं टर्फ आणि लाकूड घरात आणून ठेवा. बाहेरचा ढीग भिजतो आणि शुक्रवारी तिथवर जाता येत नाही. राख गुरुवारीच काढा, थंड झालेली, धातूच्या बादलीत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दाबून बघा, वाजला नाही तर सेल बदला. कॅम्पिंगचा गॅस असेल तर दोन डबे जास्तीचे, आणि तो फक्त खिडकी किलकिली ठेवून, खोली तापवायला कधीही नाही.

संध्याकाळी गरम पाण्याची टाकी इमर्शनवर, म्हणजे टाकीतल्या विजेच्या हीटरवर, पूर्ण तापवा, सगळ्यांनी आंघोळी उरका, थर्मास भरा. फोन, पॉवर बँक, लॅपटॉप चार्जिंगला. वीस हजार एमएएचची बँक एक फोन तीन-चारदा भरते. सेलवर चालणारा एफएम रेडिओ मात्र विकत घ्याच. मोबाइल टॉवरांच्या बॅटऱ्या काही तासच टिकतात आणि फायबर इंटरनेटचा डबा विजेविना मुका. शुक्रवारी दुपारनंतर या भागात बातमीचा आधार म्हणजे राष्ट्रीय नभोवाणी आरटीई आणि कॉनेमाराची रेडिओ ना गेल्टाख्ता. कागदावर लिहून दाराला चिकटवा: घराचा सात अक्षर-अंकी एअरकोड, मीटरवरचा १० ने सुरू होणारा अकरा अंकी एमपीआरएन, वीजमंडळाचा, म्हणजे ईएसबी नेटवर्क्सचा १८०० ३७२ ९९९, आणि आणीबाणीचे ११२ किंवा ९९९. अंधारात, आयरिश गावाचं नाव उच्चारताना बोबडी वळते तेव्हा एअरकोड वाचून दाखवणं सोपं.

झोपायची खोली तळमजल्यावर, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला. वारा आधी आग्नेय-दक्षिणेकडून येणार आणि फिरत पश्चिमेला जाणार, तेव्हा ईशान्येची किंवा पूर्वेची खोली. धुराड्याच्या भिंतीलगतची नको. धुराडं पडलं तर छप्पर फोडून आत येतं. माळ्याचं झाकण वाऱ्याने थडथडतं, ते चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा. पत्रपेटीच्या फटीत टॉवेल.

शुक्रवार, २४ जानेवारी

मध्यरात्रीपर्यंत नेहमीची हिवाळी रात्र वाटते, आणि त्याच फसवणुकीत लोक एक वाजता गाडी हलवायला बाहेर जातात. दोननंतर वारा वाढत जातो तो वेगाने. आवाजाचा पट्टा बदलतो. आधी झोत आणि मध्ये उसंत, मग उसंतच राहत नाही. सलग गुरगुर, तिच्यावर झोतांचे धक्के. मेस हेडचा उच्चांक पहाटे पाचच्या सुमारासचा.

वीज बहुधा त्याच्या आधीच जाते. कारणं तीन. झाड तारेवर पडतं, लाकडी खांब मोडतो, किंवा समुद्राचं मीठ इन्सुलेटरवर साचून ठिणग्या उडतात आणि संरक्षक यंत्रणा लाइन तोडते. दिवे दोन-तीनदा जाऊन येतात ते यंत्रणा स्वतः पुन्हा जोडून बघते म्हणून. त्या लपंडावात टीव्ही, मायक्रोवेव्ह जळतात. पहिल्यांदा दिवा मिचकावला की सगळे प्लग काढा, कुकर (म्हणजे इथली विजेची शेगडी) आणि इमर्शन फ्यूजबोर्डावरून बंद करा, एक दिवा तेवढा चालू स्थितीत ठेवा.

या तासांत स्टोव्ह पेटवू नका. धुराड्यावरून जाणारा वारा कधी इतका ओढ घेतो की आग भडकून पाइप लाल होतो, आणि झोत उलटला की धूर आणि निखारे खोलीत. गुरुवारी रात्री लावलेली आग अकराच्या आत विझू द्या, हवेची झडप बंद करा, पांघरुणं घ्या. मेणबत्तीऐवजी डोक्याला लावायचा टॉर्च.

आडोशाची खिडकी उघडून आतला-बाहेरचा दाब सारखा करावा, असं कोणीतरी सांगतंच. ऐकू नका. छप्पर उडतं ते बाहेरून ओढ आणि आतून रेटा एकत्र आले की. घराला आत वारा घ्यायचा रस्ता मिळाला, तर रेटा तुम्हीच दिलात. म्हणूनच वाऱ्याकडची काच फुटली तर पहिलं काम काचा गोळा करणं नव्हे. त्या खोलीतून सगळ्यांनी बाहेर यायचं, खोलीचं दार लावायचं, दाराला कपाट किंवा पलंग टेकवायचा. बाकीचं घर त्या दारावर टिकतं. स्लेट निघून पाणी गळायला लागलं तर खाली बादली ठेवा, छत फुगून लोंबायला लागलं तर मध्यभागी स्क्रूड्रायव्हरने भोक पाडून पाणी एका जागी उतरवा. नाहीतर सगळा प्लास्टरबोर्ड एकदम खाली येतो. माळ्यावर चढायचं नाही, छपरावर तर नाहीच नाही.

साडेआठनंतर उजाडलं तरी खिडकीतून फार दिसत नाही, काचांवर मिठाचा पांढरा थर असतो. मेयो काउंटीत बेकनला कॉनॉट जीएएचा (जीएए म्हणजे पारंपरिक आयरिश खेळांची संघटना) हवेने फुगवलेला प्रचंड क्रीडा-घुमट होता. त्या सकाळी त्याच्या चिंध्या झाल्या. देशभरात ७,६८,००० ग्राहकांची वीज गेली.

दुपारी वारा उतरतो, लाल इशारा संपतो, आणि मग खरा मोह येतो. लाटांची उंची वाऱ्याच्या मागून काही तासांनी शिखर गाठते. घरातून बाहेर पडण्याजोगा वारा झाला म्हणजे समुद्र शांत झाला असं नाही, उलट याच वेळी तो सर्वांत मोठा असतो. आयर्लंडच्या याच पश्चिम किनाऱ्यावर २०१३-१४ च्या हिवाळी वादळांनी ६२० टनांचा खडक सरकवल्याचं संशोधकांनी आधीच्या आणि नंतरच्या छायाचित्रांवरून दाखवलंय. तटरक्षकांचं सांगणं तीन तुकड्यांत आहे: मागे राहा, उंचावर राहा, कोरडे राहा. फोटो घराच्या खिडकीतून काढा.

अंधार पडायच्या आत दोन कामं: घराभोवती एक चक्कर, वर बघत, सुटलेल्या स्लेट आणि लोंबणाऱ्या तारांसाठी, आणि स्टोव्ह पेटवण्याआधी धुराडं जागेवर आहे ना, हे बाहेरून बघणं. मग लहान आग. पहिली दहा मिनिटं धूर वर जातोय याची खात्री झाल्याशिवाय खोलीतून हलू नये.

शनिवार, २५ जानेवारी

सगळ्यांनी एका खोलीत राहायचं. दगडी घर विजेविना दोन दिवसांत आतूनही दहा अंशांच्या आसपास येतं. स्टोव्हच्या खोलीचं दार बंद, दाराखाली पांघरूण, गाद्या तिथेच. सुती कपडे बाजूला ठेवा, ओले झाले की दिवसभर वाळत नाहीत, लोकर अंगावर.

फ्रिज बंदच ठेवला तर चार तास, गच्च भरलेला फ्रीझर ४८, अर्धा भरलेला २४ तास धरतो. म्हणजे शनिवारी सकाळी फ्रिजमधलं दूध, मटण, शिजलेला भात गेलेला समजा. बाहेरच पाच अंश आहेत, तेव्हा गुरुवारी रात्रीच झाकणाच्या डब्यात घालून बाहेर ओसरीवर ठेवलेलं दूध टिकतं. डबा दगडाखाली, नाहीतर कोल्ह्याची चंगळ.

तार पडलेली दिसली तर ती जिवंत आहे असं धरा, वीज नसली तरी. शेजारच्या कोणी जनरेटर थेट घराच्या सॉकेटला जोडला असेल तर वीज उलटी लाइनवर येते. या एका आळसापायी दुरुस्ती करणारे लोक मरतात. जनरेटर वापरायचाच तर घराबाहेर, खिडक्यांपासून लांब, आणि उपकरण थेट त्याला जोडून. वाकून दुसऱ्या झाडावर टेकलेल्या झाडाला हात लावू नका; ताणलेलं खोड करवत लागताच उसळतं.

फोनला रेंज येते-जाते. विमान मोडवर ठेवा, तासाला एकदा उघडा, कॉलऐवजी मेसेज पाठवा. कमकुवत सिग्नलवर तो निघून जातो. पुण्याला घरच्यांना एकच मेसेज, त्यात पुढचा मेसेज कधी येईल तेही लिहा. नाहीतर गप्प फोनची काळजी ते करत बसतात आणि तुमची बॅटरी उत्तरांत जाते.

शेजारी म्हाताऱ्यांचं घर असेल तर जाऊन या, थर्मास घेऊन. इथल्या लोकांना वादळाची आठवण पिढ्यान्‌पिढ्या असते. ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीचं वादळ ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ म्हणून ओळखलं जातं. १९०९ मध्ये सत्तरीनंतरची पेन्शन सुरू झाली तेव्हा जन्मदाखला नसलेल्यांना ती रात्र आठवते का, असं विचारत. अर्थात आठवते म्हणणारे खूप निघाले.

रविवार, २६ जानेवारी

हर्मिनिया नावाचं दुसरं वादळ. पहिल्यापेक्षा बरंच सौम्य, पण निघालेली स्लेट आणि मोडता मोडता राहिलेला खांब पाडायला तेवढं पुरतं. आज निघायचा बेत असेल तर एक दिवस थांबा.

सोमवार, २७ जानेवारी

आता प्रश्न वीज कधी येणार. दुरुस्तीचा क्रम ठरलेला: आधी मुख्य वाहिन्या आणि उपकेंद्रं, मग एका दुरुस्तीत जास्तीत जास्त घरं उजळतील तिथे, आणि एकट्यादुकट्या घरांच्या फांद्या शेवटी. कार्नासारख्या भागात घर नेमकं अशाच फांदीच्या टोकाला असतं. शिवाय खेडोपाडी तारा स्प्रूसच्या लागवडींमधून जातात. या झाडांची मुळं ओल्या पीटमध्ये उथळच राहतात; एओविनने वीस हजारांहून अधिक हेक्टर जंगल आडवं केलं. आधी झाडं काढायची, मग खांब रोवायचे, मग तारा. परदेशांतून पथकं आली तरी शेवटच्या घरांना दोन आठवड्यांहून जास्त लागले. तेव्हा ईएसबीच्या नकाशावर दिसणारी वेळ अंदाजच समजायची आणि टर्फ तिच्या दुप्पट दिवसांचं ठेवायचं.

काउंटीने आणि गावांनी सभागृहांत, क्लबांत मदतकेंद्रं उघडली होती: गरम पाणी, चार्जिंग, अंघोळ. पत्ते रेडिओवर सांगतात. जाताना रिकामे डबे, सगळ्यांच्या चार्जिंगच्या वायरी आणि एक्स्टेंशन बोर्ड घेऊन जा. सॉकेटची रांग मोठी असते आणि बोर्डवाल्याला लोक दुवा देतात. पाणी परत आलं तरी उकळून प्यायचा आदेश आहे का, ते विचारा.

मंगळवार, २८ जानेवारी

निघायचं दहानंतर, पूर्ण उजेडात. काचा आधी पाण्याने धुवा. मीठ तसंच असताना वायपर चालवले की काच घासली जाते. आतला एन ५९ की किनाऱ्याचा आर ३३६, हे सकाळच्या रेडिओवर ठरवा. आतल्या रस्त्यावर पडलेली झाडं, आणि ट्रॅफिक दिवे बंद. किनाऱ्याच्या रस्त्यावर वाळू, समुद्री शेवाळ आणि मुठीएवढे गोटे, वळणावर दिसत नाहीत असे. बंद दिव्यांच्या चौकात सगळेच थांबून मग निघतात, आपणही थांबा. रस्त्यावर पाणी साचलं असेल आणि खालचा डांबर दिसत नसेल तर वळा. लाटांनी कडेचा भराव खाऊन टाकलेला असू शकतो.

घर सोडताना फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवा, माळ्याच्या झाकणाची पट्टी काढा, स्टोव्हची राख गार असल्याची खात्री करा. कुकर, इमर्शन, हीटर फ्यूजबोर्डावरून बंदच राहू द्या. वीज तुम्ही गेल्यावर येणार, आणि कुकरवर ठेवलेली पिशवी रिकाम्या घरात पेटायला तेवढं पुरतं. मालकाला लिहून ठेवा: काय बंद केलंय, कुठली स्लेट गेलीय, कुठल्या खोलीत गळलं, तारखेसह फोटो. विम्याला त्याला ते लागतात. आणि एक गोष्ट त्याला आवर्जून कळवा: शेजाऱ्यांकडे दिवे लागले आणि या घरात लागले नाहीत, तर वाट बघत बसू नये. मुख्य लाइन दुरुस्त झाली की नकाशावर सगळी वाडी उजळलेली दाखवतात. खांबापासून घरापर्यंतची तुटलेली तार तिथे दिसत नाही. एमपीआरएन देऊन तक्रार पुन्हा नव्याने नोंदवावी लागते.